वाचक नसलेलं लेखन: मुक्तलेखनाची सुरुवात कशी करावी

मुक्तलेखन म्हणजे ठरलेल्या वेळेपुरतं, हात न थांबवता, मनात येईल ते येईल त्या क्रमाने कागदावर उतरवणं. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही, चांगला शब्द शोधत बसायचं नाही. कृती एवढीच आहे आणि ती कुणालाही पाच मिनिटांत समजते. तरी बरेच जण दोन-चार दिवस करून सोडून देतात. त्यांनी वही घेतलेली असते, गजर लावलेला असतो, पण डोक्यात ठाण मांडून बसलेल्या वाचकाला उठवलेलं नसतं. हा वाचक कधी शाळेतल्या बाई असतात, कधी नवरा किंवा बायको, कधी आपल्या पश्चात कपाट आवरणारी मुलं. तो तिथे आहे तोवर आपण जे लिहितो ते सावरून, शोभेल असंच लिहितो. म्हणून या लेखातल्या बहुतेक सूचना त्या वाचकाला खोलीबाहेर काढण्यासाठी आहेत.

या लेखनाच्या दोन परंपरा आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या. एक साहित्यातली. १९१९ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों आणि फिलिप सूपो या तरुण कवींनी भरधाव वेगाने, विचाराला मध्ये येऊ न देता लिहिण्याचे प्रयोग केले. पुढे १९७३ च्या सुमारास पीटर एल्बो या अमेरिकन लेखनशिक्षकाने नवशिक्यांसाठी दहा मिनिटांच्या मुक्तलेखनाची साधी पद्धत मांडली. दुसरी परंपरा मानसशास्त्राची. तिची सुरुवात १९८६ च्या एका प्रयोगातून झाली. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. नवशिक्याने सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवावं की पहिली दहा मिनिटं दोन्हीकडे सारखीच असतात. फरक पडतो तो नंतर, लिहिलेल्या पानाचं आपण काय करतो यात.

आधी कुलूप, मग वही

वही कुठे राहील हे लिहायला बसण्याआधी ठरवा. माझ्या मते ही या कामातली सर्वांत महत्त्वाची तयारी आहे, आणि हीच सगळे जण उडवून लावतात. ‘आमच्याकडे कुणी कुणाचं वाचत नाही’ असं आपण म्हणतो, पण हाताला ते पटलेलं नसतं. नावं लिहिताना तो आखडतो.

घरात खरोखर एकांत असेल तर बांधीव वही चालेल. नसेल तर सुटे कागद घ्या आणि लिहून झाल्यावर लगेच फाडून टाका. काही नवशिक्यांना हे जिवावर येतं. एवढं लिहिलेलं वाया गेलं असं वाटतं. पण मन हलकं होतं ते लिहिण्याच्या क्रियेतून. कागद जपून ठेवण्याशी त्याचा संबंध नाही. फोनवर किंवा संगणकावर लिहिणार असाल तर ती फाइल घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर आपोआप उघडत तर नाही ना, हे एकदा तपासा. सामायिक खातं असेल तर तिथे लिहूच नका.

हाताने लिहावं की टाइप करावं, यावर फार विचार करू नका. हाताने लिहिताना वेग कमी पडतो आणि मन थोडं पुढे धावतं, ते काहींना आवडतं. टाइप करणाऱ्याला फोन शब्द सुचवत राहतो, चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो, आणि ती रेघ म्हणजे पुन्हा तोच वाचक. टाइप करायचंच असेल तर या सोयी बंद करा, स्क्रीनचा उजेड इतका कमी करा की अक्षरं धड दिसूच नयेत.

पहिली दहा मिनिटं

गजर लावा. दहा मिनिटं पुरे. पहिल्याच दिवशी अर्धा तास बसलात तर उद्या बसणार नाही. विषय ठरवायची गरज नाही. ‘आत्ता’ या शब्दाने सुरुवात करा आणि खोलीत जे दिसतंय, ऐकू येतंय, अंगाला जाणवतंय ते लिहू लागा. शरीरापासून सुरुवात करण्याचा फायदा असा की त्यात खरं-खोटं करायला जागा नसते. पाठ दुखतेय म्हणजे दुखतेय.

अडलात तर ‘सुचत नाही’ असं लिहा, आणि सुचेपर्यंत तेच लिहीत राहा. किंवा शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहा. पेन उचलायचं नाही, एवढा एकच नियम कडक पाळा. पेन उचललं की त्या फटीतून विचार आत शिरतो: हे बरोबर आहे का, असं म्हणावं का, पुढे काय लिहू.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते पाहण्यासाठी एक नमुना रचून देते. लिहिणारा चाळिशीतला माणूस आहे असं समजा.

*आत्ता पंख्याचा आवाज येतोय बाहेर कुणीतरी गाडी चालू करतंय होत नाहीये तिची बॅटरी गेली असणार पाठ दुखतेय खुर्ची बदलायला हवी उद्या ते फॉर्म भरायचेत विसरता कामा नये सुचत नाही सुचत नाही सुचत नाही काल ताईचा फोन आला होता मी म्हटलं मीटिंगमध्ये आहे नव्हतो मीटिंगमध्ये नुसता बसलो होतो खोटं का बोललो माहीत नाही ती विचारते जेवलास का आणि मला राग येतो एवढ्याशा प्रश्नाचा राग कसला येतो तिने बाबांच्या आजारपणात सगळं केलं मी पैसे पाठवले फक्त पैसे पाठवले सुचत नाही दहा मिनिटं झाली असतील गजर वाजला नाही अजून गाडी चालू झाली वाटतं*

यात काहीच ‘लेखन’ नाही, आणि तसंच ते असायला हवं. पण बारकाईने पाहिलं तर दोन जागा दिसतात. ‘पैसे पाठवले’ हे दोनदा आलंय, आणि दुसऱ्या वेळी त्याला ‘फक्त’ चिकटलाय. तो शब्द ठरवून लिहिलेला नाही, हाताने आपसूक घातलाय. आणि त्याच्या पाठोपाठ आलेलं ‘सुचत नाही’ सुरुवातीच्या ‘सुचत नाही’सारखं नाही. आधी खरंच काही सुचत नव्हतं. नंतर फार काही सुचत होतं म्हणून मन गाडीकडे पळालं. मुक्तलेखनात खरी खूण बहुधा अशीच मिळते: एखादं वाक्य येतं आणि लगेच आपण हवामान, कामं, गजर यांकडे वळतो. ते वळण लक्षात ठेवायचं. पण त्याच दिवशी नाही.

कारण गजर झाला की थांबायचं, आणि लिहिलेलं वाचायचं नाही. निदान पहिले दोन आठवडे तरी नाही. आज लिहिलेलं आज वाचलं की उद्या लिहिताना आपणच आपले वाचक होऊन बसतो. पान उलटा, वही आत ठेवा, हात-तोंड धुवा, काहीतरी हाताचं काम करा.

मध्ये उभ्या राहणाऱ्या चाळण्या

‘मनात येईल ते लिहा’ म्हणणं सोपं आहे. मनात आलेलं कागदापर्यंत पोचताना कितीतरी चाळण्यांतून जातं, आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्याला दिसतही नाहीत.

पहिली चाळणी शुद्धलेखनाची. ऱ्हस्व की दीर्घ, या प्रश्नावर आपला हात अडतो. तो प्रश्न इथे सोडून द्या. विरामचिन्हंही सोडा. याच्याच शेजारी दुसरी चाळणी आहे, प्रमाणभाषेची. ज्या भाषेत तुम्ही भांडता, ज्या भाषेत आईला हाक मारता, त्या भाषेत लिहा. बोली असेल तर बोलीत, दोन भाषांची मिसळ असेल तर मिसळीत. लहानपणीचं दुःख शिष्ट मराठीत लिहायला गेलात तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटू लागेल. ‘मला वाईट वाटले’ आणि ‘लय लागलं जिवाला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं पुष्कळदा अर्ज लिहावा तसं लिहिलं जातं.

शिव्या, वासना, हेवा, कुणाचं वाईट व्हावं अशी इच्छा, या सगळ्यांवर सभ्यपणाची चाळणी असते. तिला हटवायला वेळ लागतो. आठवडाभर रोज बसलात की ती हळूहळू सैल होते. आलेलं वाक्य भयंकर वाटलं तरी लिहून पुढे जा. ते लिहिल्याने खरं होत नाही आणि न लिहिल्याने नाहीसंही होत नाही.

सर्वांत चिवट चाळणी मात्र न्यायीपणाची. विशेषतः आई-वडील, भावंडं, जोडीदार यांच्याबद्दल लिहिताना आपण दर दोन ओळींनी ‘तशी तिचीही बाजू होती’, ‘त्यांनी केलं ते माझ्या भल्यासाठीच’ असं घालतो. ही वाक्यं चांगल्या मनाची असतात, बऱ्याचदा खरीही असतात. पण ती वेळेआधी येतात. राग अजून पुरता बाहेर आलेला नसताना त्यावर समजूतदारपणाचं झाकण बसतं, आणि आपण सगळं बोलून टाकलं असा समज होतो. कृतज्ञतेत वाढलेल्या माणसाला हे सर्वांत जड जातं. त्यांना माझं सांगणं असं की दुसऱ्याच्या बाजूसाठी वेगळी बैठक ठेवा, ती पुढे येणारच आहे. आजची दहा मिनिटं एकतर्फी असू द्या.

लिहिण्याची आवड असणाऱ्यांना आणखी एक चाळणी त्रास देते: सुंदर वाक्याची. एखादी ओळ छान जमली की हात तिथेच रेंगाळतो, तिच्यासारखी दुसरी शोधू लागतो. जमलेल्या ओळीनंतर मुद्दाम एक ओबडधोबड ओळ लिहा आणि पुढे चला.

जुनी जखम लिहायची असेल तर

१९८६ साली जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. एका गटाला किरकोळ विषय दिले. उरलेल्यांना आयुष्यातला क्लेशकारक प्रसंग लिहायला सांगितला, पण त्यातही तीन प्रकार केले: काहींनी फक्त काय घडलं ते लिहायचं, काहींनी फक्त त्याबद्दलच्या भावना, आणि काहींनी दोन्ही एकत्र. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांचं आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात जाणं पुढच्या सहा महिन्यांत कमी झालं. नुसती घटना लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आणि नवशिक्याने नीट ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, दुःखद प्रसंग मनापासून लिहिणाऱ्यांना लिहून उठल्यावर लगेच बरं वाटलं नव्हतं. त्यांचं मन जड झालं होतं.

पुढे १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर असाच अभ्यास झाला. त्यांनी आयुष्यातल्या सर्वांत तणावाच्या प्रसंगाबद्दल तीन दिवस, रोज २० मिनिटं लिहिलं. चार महिन्यांनी त्यांच्यातल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली. साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्के होतं. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. २००६ साली १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी परिणाम चांगल्या दिशेचा पण लहानसाच निघाला. म्हणजे हे औषधाची जागा घेणारं काम नाही. ज्याला फार खर्च नाही, फार वेळ नाही, आणि ज्याने काहींना खरोखर हलकं वाटतं असं हे एक साधन आहे, आणि माझ्या लेखी एवढं पुष्कळ आहे.

या अभ्यासांवरून आपल्यासाठी कृती अशी ठरते. रोजच्या दहा मिनिटांच्या लेखनापेक्षा ही बैठक वेगळी ठेवा. तीन किंवा चार दिवस निवडा, शक्यतो लागोपाठचे. रोज १५ ते २० मिनिटं. एकच प्रसंग घ्या. काय घडलं, कुठे, कोण काय म्हणालं, हे लिहा, आणि त्याच ओघात तेव्हा काय वाटलं, आज काय वाटतं तेही. एकावाचून दुसरं लिहू नका. नंतर निदान अर्धा तास मोकळा ठेवा, कुणाशी महत्त्वाचं बोलणं नको, गाडी चालवणं नको. झोपायच्या आधी हे लिहू नका. ढवळलेलं मन घेऊन अंथरुणावर पडणं वाईट.

भावना लिहिताना तिला नेमकं नाव द्यायचा प्रयत्न करा. ‘वाईट वाटलं’ हे फार मोघम आहे. अपमान होता की लाज? चीड होती की रुसवा? हेवा वाटला की पोरकं वाटलं? हुरहूर, सल, धास्ती, कीव, ओशाळलेपण, आपल्याकडे यासाठी शब्दांची कमी नाही. नेमका शब्द सापडला की अंगातून एक सुस्कारा जातो, तेवढ्यावरून कळतं. सापडत नसेल तर अडून राहू नका. तीन-चार चुकीचे शब्द ओळीने लिहून टाका. चौथ्यापर्यंत बरोबर शब्दाची चाहूल लागते.

अगदी ताजा आघात मात्र लगेच या पद्धतीने लिहायला घेऊ नका. परवा जवळचं माणूस गेलं असेल, काल नातं तुटलं असेल, तर आत्ता जेवण, झोप, सोबतीला कुणीतरी असणं यांची गरज जास्त आहे. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, जेव्हा त्या आठवणीपासून वितभर अंतर पडलेलं जाणवेल, तेव्हा लिहा.

लिहूनही तेच तेच येत असेल तर

मुक्तलेखनाचं कौतुक करणारे लोक या भागाबद्दल फारसं बोलत नाहीत. आणि मला वाटतं नवशिक्याचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मनात जे चक्र आधीच फिरतंय तेच कागदावर फिरू लागतं. त्याच माणसाबद्दल तीच तक्रार, त्याच शब्दांत, आठवड्यामागून आठवडे. वही भरते आणि जखम ताजी राहते. २०१३ साली नुकतेच विभक्त झालेल्या ९० जणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातले जे लोक झालेल्या गोष्टीचा अर्थ आधीपासूनच सतत शोधत होते, त्यांच्यातल्या भावना लिहिणाऱ्यांची अवस्था काही महिन्यांनी, साधा दिनक्रम लिहिणाऱ्यांपेक्षा वाईट होती. घोळत राहणाऱ्या मनाला आणखी घोळायला जागा मिळाली तर असं होऊ शकतं.

पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी लिहिलेली पानं शब्दशः तपासली तेव्हा त्यांना दिसलं की ज्यांची प्रकृती नंतर सुधारली त्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसता कल्लोळ, चौथ्या दिवशी त्याला काहीसा आकार. शिवाय ‘मी’वरून ‘ती’, ‘ते’, आणि पुन्हा ‘मी’ असं नजरेचं इकडून तिकडे जाणंही त्यांच्यात जास्त आढळलं.

म्हणून तिसऱ्या बैठकीलाही पान पहिल्यासारखंच येत असेल तर हात तसाच चालू ठेवून दिशा बदला. पुढच्या दहा वाक्यांत ‘कारण’ आलंच पाहिजे, असं ठरवून लिहा. आपल्या नमुन्यातला माणूस तिथून पुढे गेला तर पान असं दिसेल:

*मी फक्त पैसे पाठवले कारण मला जाता येत नव्हतं खोटं जाता येत होतं गेलो नाही कारण बाबांना तसं बघवत नव्हतं ताईला तरी कुठे बघवत होतं पण ती बसली तिथे मी फोनवर विचारायचो जेवले का ते आणि ती सांगायची हो दोन घास म्हणजे तो प्रश्न माझा होता तो मी विचारायचो दुरून आणि आता ती मला विचारते म्हणजे राग तिचा नाहीच येत*

पहिल्या दिवशी ‘एवढ्याशा प्रश्नाचा राग कसला येतो’ असं त्याने लिहिलं होतं. त्याचं उत्तर इथे त्याच्या हाताने दिलं, आणि ते त्याला आधी ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. पण होतं तेव्हा पुढच्या फोनला ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणावंसं वाटत नाही.

दिशा बदलायचे आणखी दोन मार्ग आहेत. स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहा: ‘तो फोनकडे बघतो. उचलत नाही.’ थोडं लांबून पाहिल्यासारखं होतं आणि धार सोसवते. किंवा समोरच्या माणसाच्या खुर्चीत बसून, ‘मी ताई’ अशी सुरुवात करून दहा मिनिटं लिहा. दुसऱ्याच्या बाजूसाठी जी वेगळी बैठक ठेवायला सांगितली होती ती हीच. तिची वेळ आता, राग पुरता बोलून झाल्यावर.

हे सगळं करूनही चाक हलत नसेल तर त्या विषयावर लिहिणं बंद करा. महिनाभर दुसरं काहीही लिहा.

थांबायचं कधी

लिहिताना छातीत धडधड वाढली, आपण आत्ता कुठे आहोत याचं भान सुटतंय असं वाटलं, प्रसंग आठवण्याऐवजी पुन्हा घडतोय असं झालं, तर गजराची वाट न पाहता पेन ठेवा. उठून पाय जमिनीवर दाबून उभे राहा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या. पेनबेकरही लिहिणाऱ्यांना हेच सांगत आले: एखाद्या विषयाने आपला तोल जाईल असं वाटलं तर तो विषय सोडा, दुसरं लिहा. तो विषय ‘पूर्ण’ करायचं तुमच्यावर काही बंधन नाही.

लहानपणीचे अत्याचार, हिंसा, अपघात यांच्या आठवणी झोपेतही पिच्छा सोडत नसतील तर एकट्याने वहीत उकरू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ सोबत असताना लिहा. त्यांना आधी सांगून, त्यांच्या सल्ल्याने. आणि लिहिताना स्वतःला संपवण्याचे, इजा करण्याचे विचार आले तर ते पान वहीत ठेवून गप्प बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. एरवी मी म्हणते की पान कुणाला दाखवू नका. इथे मात्र दाखवायलाच हवं.

त्यातून काही घडवायचं असेल तर

सर्जनासाठी मुक्तलेखन करायचं असेल तर रोज करा. इथे तीन-चार दिवसांची मर्यादा नाही, उलट सवयच कामाला येते. बरेच जण सकाळी उठल्या उठल्या लिहितात, कारण तेव्हा आतला परीक्षक अजून धड जागा झालेला नसतो. सकाळ जमत नसेल तर कामाला बसण्याआधीची दहा मिनिटंही चालतात.

दोन-तीन आठवड्यांची पानं साठली की एकदा निवांत बसून वाचा. हातात पेन्सिल घ्या. चांगल्या ओळी शोधू नका. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू, माणसं, शब्द शोधा आणि त्यांच्याखाली रेघ मारा. जिथून मन पळालं त्या जागाही. एल्बो अशा जागेला पानाचा गुरुत्वमध्य म्हणायचा: सगळं पान जिच्या भोवती नकळत ओढलं गेलंय अशी गोष्ट. ती एका वाक्यात नव्या कागदावर लिहा, त्या वाक्यापासून पुन्हा मुक्तलेखन करा, त्या पानाचा गुरुत्वमध्य शोधा, आणि पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत तुमच्याकडे असं काहीतरी येतं जे ठरवून बसलात तर सुचलं नसतं. आपल्या नमुन्यात ते ‘जेवलास का’ आहे. बहीण, आजारी वडील, दूर राहिलेला भाऊ ही गोष्ट हजारदा लिहिली गेली आहे. पण एकच प्रश्न आधी भावाने दुरून विचारलेला आणि नंतर बहिणीने त्यालाच विचारलेला, ही त्याची स्वतःची गोष्ट आहे.

इथून पुढे मुक्तलेखन संपतं आणि लेखन सुरू होतं, आणि ही रेघ ठळक ठेवा. कच्चं पान जसंच्या तसं छापण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यात खरेपणा असतो. पण ते पान वाचकासाठी नव्हतंच. वाचकाला संदर्भ लागतो, क्रम लागतो, थांबायला जागा लागते. आता शुद्धलेखनही हवं, सुंदर वाक्यही हवं, आणि न्यायीपणा तर सगळ्यात जास्त हवा. ज्या चाळण्या बाजूला ठेवल्या होत्या त्या सगळ्या आता परत आणा, त्यांचं काम आता आहे. पानात जी खरी माणसं आली आहेत त्यांची नावं, ओळखीच्या खुणा, त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी यांचं काय करायचं, हे प्रसिद्ध करण्याआधी ठरवा. मीटिंगमध्ये असलेल्या भावाची गोष्ट ताईने वाचली तर चालेल का, हा प्रश्न पहिल्या पानावर विचारायचा नव्हता. शेवटच्या खर्ड्यावर तो टाळता येत नाही.

ज्या जखमेतून अजून रक्त येतंय ती मात्र एवढ्यात गोष्टीत आणू नका. सोपी कसोटी आहे: त्या प्रसंगातलं एखादं वाक्य, लय बरी वाटत नाही म्हणून तुम्हाला बदलता येतंय का? ‘पण असंच घडलं होतं’ असं म्हणून हात अडत असेल तर ते अजून फक्त तुमचं आहे, ते वहीतच राहू द्या.

आणि खर्डा लिहिताना मध्येच अडलात तर खर्ड्याशी झटापट करू नका. बाजूला एक सुटा कागद घ्या, गजर लावा आणि ‘हे पुढे जात नाहीये कारण’ इथून सुरुवात करून दहा मिनिटं लिहा. कधी कळतं की पात्राचं नाव चुकलंय, कधी कळतं की गोष्ट दोन पानं आधीच संपली होती. काहीच कळलं नाही तरी तो कागद फाडा आणि उद्या त्याच वाक्यापासून पुन्हा बसा.